सांगून घेतलेला वजीर

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते. पहिल्या ओळीत कुणीतरी दोषी हवा, दुसरीत मागणी हवी आणि शेवटी उद्गारचिन्हं. मला ती खोड आहे. कापूस वेचणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्या, हे सांगत मी जिल्हाभर हिंडते, आणि ते गोड बोलून कुणी देत नाही हेही मला ठाऊक आहे. त्यामुळे बुद्धिबळाच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या मामांना भर सभेत लबाड म्हटलं गेलं तेव्हा माझं डोकं जागेवर राहणं शक्यच नव्हतं. पण आधी मामा कोण आणि गट कुठला, ते सांगते.

मामांचं मानवतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर दुकान आहे. बारदाना, सुतळी, ताडपत्री. दुकानापुढे दगडी ओटा आणि ओट्यावर बुद्धिबळाचा पट. समोरच्या आडतीचे शेठ दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की रस्ता ओलांडून यायचे आणि डाव मांडला जायचा. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या ओट्यावरच खेळ शिकले. बघणाऱ्यांनी बोलायचं नाही असा नियम होता आणि बघणारे सगळे बोलायचे. हमाल बोलायचे, शेतकरी बोलायचे, चहावाला कप ठेवता ठेवता घोडा हलवायला सांगायचा. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

दोन गोष्टी मात्र खेळणाऱ्याने तोंडाने म्हणाव्याच लागत. राजावर चाल आली की "शह". हे सगळीकडे आहे. पण आमच्या ओट्यावर वजिरावर चाल आली तरी म्हणावं लागे, "वजीर!" समोरच्याने बघावं, वाचवता आला तर वाचवावा. न सांगता कुणी वजीर उचलला तर शेठ भांडायचे नाहीत, नुसते बघत बसायचे. मग उचलणारा मुकाट्याने तो परत घरात ठेवायचा. मामा म्हणायचे, "त्याचा डोळा चुकला म्हणून मी जिंकलो, ह्यात माझं काय हाय? त्याला दिसायलंय अन् तरी मी जिंकायलोय, असं पायजे."

पुढे शेठ मुलाकडे पुण्याला गेले आणि तिकडचेच झाले. मामांचे गुडघे दुखायला लागले. पट दुकानात ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन पडला. मामा दुपारभर फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघत बसायचे, आणि मामी म्हणायची, "तुझे मामा आता त्या फोनलाच शह द्यायलेत." मी हसले, पण मला ते बघवेना. म्हणून मी त्यांना गटात घेतलं.

गट जिल्ह्यातल्या बुद्धिबळवेड्यांचा. परभणीत मुलांना बुद्धिबळ शिकवणारे एक सर त्याचे ॲडमिन. मी शाळेत असताना त्यांच्याकडेच जायचे. सर माणूस सरळ. आधीचा गट निवडणुकीच्या फॉरवर्डांनी आणि शिवीगाळीने बुडाला होता, म्हणून ह्या वेळी त्यांनी कडक नियम केले आणि गटाच्या माथ्यावर चिकटवून ठेवले. शुभ सकाळ नको. देवाचे फोटो नकोत. पुढाऱ्यांचे वाढदिवस नकोत. आणि सगळ्यात मोठा नियम असा की, चालू डावात कुणीही चाल सुचवायची नाही. सुचवली तर ज्याचा फायदा होईल त्याचा डाव बाद. हा नियम का आला तेही सांगते. एकाचा डाव चालू असताना त्याचा भाऊ, मेहुणा आणि मित्र खाली चाली लिहीत बसायचे. म्हणजे नियम बरोबर होता. मी त्याला नावं ठेवत नाही. अजून तरी नाही.

गटावर संथ डाव चालतात. दोघांनी आपापल्या घरी पट मांडायचा. चाल केली की पटाचा फोटो टाकायचा. समोरच्याला सवड होईल तेव्हा तो उत्तर देणार. कामधंदा सांभाळून खेळता येतं.

मामांना मी नवे कायदे शिकवले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजाला एकदा घोड्याची उडी मारायला मिळायची ती आता नाही, त्याऐवजी किल्लेकोट. मामांना ते रुचलं नाही. "उडी मारणाऱ्या राजाला किल्ल्यात कोंडलं की गं तुमी!" पण शिकले. सगळं शिकले. कागदावर छापलेला एकही नियम त्यांनी पुढे मोडला नाही, हे मी शपथेवर सांगते.

फोटो काढायचं काम मामीचं. मामांचा हात हलतो. पहिल्या फोटोत अर्धा पट होता आणि अर्धा डाळीचा डबा. गटावरून कुणीतरी लिहिलं, "काका, फोटो सरळ काढा." मामीने वाचलं आणि म्हणाली, "सरळच हाय. त्यायचा फोन वाकडा असंल."

तरी गंमत सुरू झाली. मामा परत दुपारी ओट्यावर बसायला लागले. समोर कुणी नाही, पण पट आहे. येणारेजाणारे विचारायचे, "कुणासंग चाललाय डाव?" मामा म्हणायचे, "पालमवाल्या मास्तरसंग." पुढच्या आठवड्यात "सेलूच्या डॉक्टरसंग." आवाजात जरा ऐट असायची. मामीने मला फोनवर सांगितलं, "बाई, आता जेवायला दोनदा हाका माराव्या लागायलेत. लय चांगलं काम केलंस."

मग त्यांची जोडी जिंतूरच्या एका बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याशी लागली. तो आपल्या जिल्ह्याचा नव्हे, बदलीवर आलेला. गटात फार बोलायचा नाही. "नमस्कार सर, खेळूया" एवढं लिहून डाव सुरू. डाव चांगला चालला होता. दोघेही दमाने खेळणारे. मग एका चालीला मामांनी घोडा असा बसवला की साहेबाच्या वजिरावर चाल आली. मामीने फोटो काढला. मामांनी फोन हातात घेतला आणि एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं, "साहेब, वजीर सांभाळा."

झालं ते एवढंच.

साहेबाने वजीर बाजूला काढला आणि फोटो टाकला. त्यानंतर पालमच्या मास्तरांनी लिहिलं, "ही चाल सुचवणं नाही का?" एकाने हसण्याची चित्रं टाकली. दुसऱ्याने, "काका स्वतःच्याच विरोधात कोचिंग देत आहेत." तिसरा, "नियम म्हणजे नियम. सूचना मिळाली, फायदा झाला. जिंतूरचा डाव बाद." सर आले, त्यांनी नियम पुन्हा चिकटवला आणि लिहिलं, "नियमानुसार विचार करून उद्या कळवतो. तोवर डाव थांबवावा."

आता विचार करा. वजीर मामा मारणार होते, सांगितलं मामांनी, आणि बाद होणार समोरचा! मी म्हणते, असा न्याय कुठल्या पंचायतीत झाला आहे?

साहेबालाही हेच लागलं. तो चिडला. न बोलणारा माणूस चिडला की एकदम चिडतो. त्याने लिहिलं, "मला कुणाची सूचना नको होती. वजीर मला दिसत होता. मला बाद करण्यासाठी मुद्दाम लिहिलेलं आहे. नियम माहीत असलेल्या माणसाची ही लबाडी आहे."

हे सगळं मी ताडकळसच्या बाजारात वाचलं. काखेत पत्रकांचा गठ्ठा, समोर मिरच्यांचे ढीग, आणि फोन सारखा थरथरतोय. मिरचीवाली मावशी म्हणाली, "काय गं, कोन मेलं का काय?" म्हटलं, "कुणी नाही मेलं मावशी. माझ्या मामाला लबाड म्हणायलेत."

"मंग कागद वाटायचे सोड अन् जा की मामाकडं," मावशी म्हणाली.

मी गेले. पण आधी तिथेच, रसवंतीच्या बाकड्यावर बसून, मी लिहिलं. "गटाच्या नियमांच्या ठेकेदारांना आमचा जाहीर सवाल!" अशी सुरुवात. प्रामाणिकपणा हा गुन्हा कधीपासून झाला? चूक दाखवणाऱ्याला लबाड म्हणणारे स्वतः कोण? बदलीवर आलेल्यांनी इथल्या माणसांना खेळाची रीत शिकवू नये! असं बरंच. शेवटी तीन उद्गारचिन्हं. पाठवलं आणि एसटीत बसले. परभणीला गाडी बदलेपर्यंत गटावर दोन तट पडले होते. एक म्हणत होता ताईंचं बरोबर आहे. दुसरा म्हणत होता इथे मोर्चे आणू नका. एकाने बँकांच्या कर्जवाटपाचा विषय काढला होता.

मानवतला पोहोचले तेव्हा मामा ओट्यावर नव्हते. आत, गठ्ठ्यांच्या मागे बसले होते. पट झाकून ठेवलेला. मामीने मला बाजूला घेतलं. "सकाळी तो पलीकडचा किराणावाला आला होता, ताडपत्री न्यायला. त्यो बी हाय म्हणं त्या गटात. म्हणला, 'काय मामा, बँकवाल्यालाच फसवलं की तुमी!' हे हसले त्याच्यासंग. पन मग जेवले न्हाईत बघ. ताट तसंच हाय."

तिथे मला कळलं की हे गटावरचं भांडण राहिलेलं नाही. मोंढ्यात माणूस बोलण्यावर उभा असतो. मामांच्या दुकानातला सगळा व्यवहार तोंडी. एवढी वर्षं कुणी गंमतीतसुद्धा त्यांना तो शब्द लावला नव्हता, आणि आता ताडपत्री न्यायला आलेला माणूस तो हसत हसत लावून गेला होता.

मी म्हटलं, "मामा, घाबरू नका. मी लिहिलंय."

"वाचलं मी." मामांनी चष्मा काढला. "सवाल कुणाला केलाय गं? अन् 'आमचा' म्हंजे कुणाचा? मी तर न्हाई बा केला."

"अहो, त्यानं तुम्हाला लबाड म्हटलं!"

"मला म्हटलं ना? तुला कुठं म्हटलं?"

"म्हणजे ऐकून घ्यायचं? गप बसायचं?"

"गप कोन बस म्हनतंय? इथं मोंढ्यात मला कुनी लबाड म्हटलं तर मी काय कागद छापून वाटत हिंडतो का? मी जातो अन् त्याच्या गादीवर बसतो. म्हनतो, चहा सांग. तोंडासमोर बसल्यावर मानूस किती येळ लबाड म्हनल?" मग म्हणाले, "अन् बदलीवर आलेला, हे कशाला लिहिलंस? त्यो काय हौसेनं आलाय का? आईबापाला सोडून आलाय बिचारा. ते मागं घे आधी."

"सगळं?"

"सगळं. खामखा माझ्या नावानं कुनाला टोचू नको."

मी काढून टाकलं. मला पटलं म्हणून नाही, मामा म्हणाले म्हणून. आणि काढून तरी काय होतं? वाचायचं त्यांनी वाचलंच होतं. तिथे आता "हा संदेश हटवला" असं दिसत होतं, आणि खाली एकाने लगेच विचारलं, "घाबरलात का ताई?" त्याला उत्तर न देणं हे माझ्या आयुष्यातलं अवघड काम होतं.

मामा म्हणाले, "आता जिंतूरला जायचं तर गाडी कधी मिळंल?"

"गुडघे घेऊन?" मामी आतून ओरडली. "फोन लावा की. त्याच्यासाठीच घेतला ना?"

गटातून नंबर घेऊन परस्पर फोन करणं हेही नियमात बसत नाही. मी तसं म्हणाले. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नंबर लावून दिला. आवाज मोठा केला. मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"नमस्कार साहेब. मानवतहून बोलायलोय. वजीरवाला."

मग कोरडा आवाज, "बोला."

"जेवलात का?"

"...हो. म्हणजे, अजून नाही. तुम्ही फोन का केलात?"

"गादीवर येऊन बसलो असतो, पन गुडघे दुखायलेत. म्हनून फोन. तुमी मला लबाड म्हनलात. ते का म्हनलात, हे तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं."

साहेब गडबडला. त्याला वाटलं असणार शिव्या येतील. मग म्हणाला, "काका, चालू डावात कुणी बोलतं का? मला वाटलं तुम्ही खिजवताय. आणि नंतर तो नियम निघाला, मला बाद करायला निघाले सगळे. मी आधीच्या गावातल्या गटातूनही असाच बाहेर पडलो होतो. तिथे मी नवीन, म्हणून सगळे मिळून बोलायचे. वाटलं, इथेही तेच."

"खिजवायचं असतं तर न सांगता मारला असता अन् मग खिजवलं असतं," मामा म्हणाले. "आमच्या ओट्यावर वजीर सांगून घेतात. शह सांगतात ना, तसंच. इतकी वर्षं असंच खेळलो. ते लिहायचं न्हाई हे कुठं लिहिलेलं न्हवतं, म्हनून लिहिलं."

"वजीरसुद्धा सांगायचा?"

"सांगायचाच. न्हाईतर ते खिसा कापल्यासारखं हाय."

पलीकडून पहिल्यांदा हसू आलं, अगदी थोडं. "आमच्याकडे असं काही नाही, काका. आमच्याकडे मी शह दिला तरी सांगत नाही. ज्याला दिसत नाही त्याने खेळू नये, असं शिकवतात."

"ते बी बरोबर हाय," मामा म्हणाले. "घराघरची रीत. मी तुमच्या सरांना सांगतो, बोललो मी, डाव माझा बाद करा. तुमचा काय दोष? पन तेवढा शब्द..." आणि मामा पुढचे शब्द शोधायला लागले. मी त्यांना मोंढ्यात भल्या भल्या व्यापाऱ्यांशी भाव तोडताना पाहिलं आहे. शब्द शोधताना कधी पाहिलं नव्हतं. "तेवढा शब्द इथं दुकानापत्तोर आला हो. दुसरं काही न्हाई."

साहेब म्हणाला, "काका, पाच मिनिटं द्या." आणि फोन ठेवला.

मामी म्हणाली, "असा कसा ठेवला? चिडला का?" मामांनी पटावरचं कापड काढलं आणि बसले. मी गट उघडून बसले. मनात एक पत्रक तयारच होतं, खोटं कशाला बोलू.

मग साहेबाचा संदेश आला. "काकांशी बोललो. त्यांच्याकडे वजिरावर चाल आली की सांगण्याची पद्धत आहे. मला ती माहीत नव्हती. मी वापरलेला शब्द चुकीचा होता, मागे घेतो. ॲडमिन सर, सूचनेचा फायदा मला नको. वजीर परत होता तिथे ठेवतो आणि दुसरी चाल करतो. डाव चालू ठेवावा ही विनंती." खाली फोटो. साहेबाचा वजीर पुन्हा मामांच्या घोड्याच्या तोंडात, आणि त्याऐवजी त्याने उंट तिरपा सरकवलेला.

मी तो मामांना वाचून दाखवला. शब्द मागे घेतो, हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "किराणावाल्यानं वाचलं असंल का गं?"

"वाचलं असणार."

"असू दे." त्यांनी आपल्या पटावर वजीर परत जागेवर ठेवला, साहेबाचा उंट सरकवला आणि विचार करत बसले. मामी ताट घेऊन आली. भाकरी मोडत मोडत मामा पटाकडे बघत होते. मग डाव्या हाताने घोडा उचलला आणि साहेबाचा वजीर मारला.

मामीला राहवलं नाही. "घेतलात? त्यानं एवढ्या मनानं परत ठेवला, अन् घेतलात?"

"ठेवला तो घ्यायलाच. आता न्हाई घेतला तर तो म्हनल, मला ल्हान समजून सोडलं. ती त्याची बेइज्जती." मामांनी घास तोंडात घातला. "काढ फोटो. सरळ काढ."

फोटो गेला. सरांनी डाव बाद झाल्याचं कळवलं नाही आणि चालू राहील असंही कळवलं नाही. पालमच्या मास्तरांनी नियमाचा आकडा लिहून प्रश्नचिन्ह टाकलं. त्यांचंही चुकत नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा असावा असंच त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटणाऱ्या माणसांवरच असे गट उभे राहतात. फक्त एखादा माणूस नियम मोडतो तेव्हा त्याला आधी विचारावं, बाबा, का मोडलास? विचारायला असे किती शब्द लागतात? लबाड म्हणायला एक लागतो, म्हणून तो सोपा जातो. मला तर माझा जाहीर सवालही सोपाच गेला होता. पण हे मी त्या दिवशी कुणाला म्हटलं नाही.

मामांचं जेवण होतं न होतं तोच फोन वाजला. गटावर साहेबाचं उत्तर होतं. पाळी त्याची, तरी फोटो नाही, चाल नाही, नुसती एक ओळ. "बरोबर घेतला काका. आता तुमचा हत्ती बघा."

चालू डावात. सगळ्यांसमोर. नियमाच्या बरोबर खाली.

गटाच्या माथ्यावर दिसलं की सर काहीतरी लिहीत आहेत. मग ते लिहिणं थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मामी म्हणाली, "काय म्हनायलेत?" मी म्हटलं, "काहीच नाही."

मामांचं लक्षच नव्हतं. ते हात न धुता पटावर वाकले होते आणि उंटाच्या तिरप्या रेघेवरून बोट नेत स्वतःच्या हत्तीपर्यंत आले होते. "अगं बया," ते म्हणाले, "खरंच की."